डाउनलोड ६५,५३५ बाइटवर का अडतं? पायथॉनच्या एच-टूमध्ये कनेक्शन आणि स्ट्रीम सांभाळताना

एचटीटीपी/२ चा मी लिहिलेला पहिला क्लायंट चार दिवस मस्त चालला. छोटे छोटे जेसन प्रतिसाद यायचे, टेस्ट हिरव्या व्हायच्या. पाचव्या दिवशी कुणीतरी एक पीडीएफ मागवली आणि ती मध्येच थांबली. एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही, सॉकेट जिवंत. पुन्हा मागवली, पुन्हा तेच. दर वेळी बरोबर ६५,५३५ बाइट यायचे आणि मग शांतता. हा आकडा दोनाच्या सोळाव्या घातापेक्षा एकने कमी आहे, हे लक्षात यायला अर्धा दिवस गेला. चूक सर्व्हरची नसून माझी आहे, हे पटायला उरलेला अर्धा.

तो दिवस ज्यांचा अजून यायचाय त्यांच्यासाठी हा लेख. पायथॉन येतं, असिंकआयओची तोंडओळख आहे आणि एचटीटीपीची विनंती-प्रतिसाद एवढी कल्पना आहे, इतकं पुरे. लायब्ररी घेतली आहे एच-टू, म्हणजे पायथॉनमध्ये एचटीटीपी/२ सांभाळणारी. मेथडची नावं इथे देवनागरीत आहेत. कोडमध्ये ती इंग्रजी अक्षरांत लिहा आणि जिथे मी जोडरेघ दिली आहे तिथे अंडरस्कोर घाला.

आधी दिवाणजीची ओळख

एच-टू सॉकेटला हातही लावत नाही. नेटवर्कवरून आलेले बाइट तुम्ही तिला देता, त्यांचा अर्थ लावून ती तुम्हाला इव्हेंट देते. काही पाठवायचं असेल तर तुम्ही मेथड बोलावता, ती योग्य बाइट तयार करून आपल्या आतल्या बफरमध्ये ठेवते. बस. ते बाइट उचलून सॉकेटवर टाकणं तुमचं काम. या पद्धतीला 'सान्स-आयओ' म्हणतात, म्हणजे इनपुट-आउटपुटविना.

जुन्या पेढीवरच्या दिवाणजीसारखं हे आहे. खतावणी चोख, एका पैचा घोळ नाही, कोणी नियमाबाहेरचा व्यवहार करू लागला की तिथल्या तिथे अडवणार. पण गादीवरून उठून माल पोचवायला मात्र जाणार नाही. नवख्यांच्या चुका मी जितक्या पाहिल्या (माझ्या धरून), त्यांतल्या बहुतेक एकाच जातीच्या होत्या: दिवाणजीने चिठ्ठी लिहून ठेवली होती, ती कोणी नेलीच नाही.

एचटीटीपीएक्स (क्लायंट), हायपरकॉर्न (सर्व्हर), ट्विस्टेड (नेटवर्क फ्रेमवर्क) हे सगळे एचटीटीपी/२ साठी आतून एच-टूच वापरतात. मग थेट एचटीटीपीएक्स का नको? रोजच्या कामाला तेच वापरा, माझा आग्रह नाही. पण प्रॉक्सी, लोड टेस्टर किंवा वेगळ्या धाटणीचा सर्व्हर लिहायचा असेल, किंवा एचटीटीपीएक्स मध्येच का अडकलं ते शोधायचं असेल, तर खालचा मजला बघावाच लागतो.

प्रोटोकॉल, लागतो तेवढाच

एचटीटीपी/२ चं मानक मे २०१५ मध्ये आरएफसी ७५४० म्हणून आलं. जून २०२२ मध्ये त्याची जागा आरएफसी ९११३ ने घेतली. जुने लेख वाचताना एवढं ध्यानात ठेवा की प्राधान्यक्रमाची जुनी झाडासारखी योजना नव्या मानकात मोडीत निघाली आहे आणि सर्व्हर पुश क्रोमने २०२२ मध्ये बंद केलं. दोन्हींवर वेळ घालवू नका.

एक टीसीपी कनेक्शन, त्यावर अनेक स्ट्रीम. एक विनंती आणि तिचा प्रतिसाद मिळून एक स्ट्रीम. तारेवरून जातात त्या फ्रेम. प्रत्येक फ्रेमच्या माथ्यावर ९ बाइट असतात: लांबी, प्रकार, खुणा आणि स्ट्रीमचा क्रमांक. क्लायंटने उघडलेल्या स्ट्रीमना विषम क्रमांक (१, ३, ५…), सर्व्हरच्या स्ट्रीमना सम. शून्य क्रमांक म्हणजे खुद्द कनेक्शन. क्रमांक नेहमी चढता असतो आणि एकदा वापरलेला त्या कनेक्शनवर पुन्हा वापरता येत नाही.

स्ट्रीमच्या आयुष्यातली एकच गोष्ट नवख्यांना चकवते. ती दोन बाजूंनी वेगवेगळी बंद होते. तुम्ही विनंती संपवलीत की तुमची बाजू बंद, सर्व्हरची अजून उघडी. याला अर्धबंद अवस्था म्हणू. दोन्ही बाजू मिटल्या की स्ट्रीम संपली.

पायरी १: नेटवर्कशिवाय सुरुवात करा

हे फारसं कोणी करत नाही, आणि सान्स-आयओचा खरा फायदा इथेच आहे. पिपने एच-टू बसवा. पायथॉनच्या प्रॉम्प्टवर दोन एच-टू-कनेक्शन बनवा, एकाच्या कॉन्फिगरेशनमध्ये क्लायंट-साइड खरं, दुसऱ्यात खोटं. दोन्हींवर इनिशिएट-कनेक्शन बोलवा. मग क्लायंटचं डेटा-टू-सेंड घ्या आणि जसंच्या तसं सर्व्हरच्या रिसीव्ह-डेटाला द्या. जे इव्हेंट परत येतील ते छापून बघा: समोरच्याच्या सेटिंग्ज बदलल्याचा इव्हेंट दिसेल. आता सर्व्हरचं डेटा-टू-सेंड क्लायंटला द्या. तिकडेही सेटिंग्जचा इव्हेंट, आणि शिवाय तुमच्या सेटिंग्ज पोचल्याची पावती.

दोन गोष्टी इथेच पक्क्या होतात. एक, डेटा-टू-सेंड दुसऱ्यांदा बोलावलंत तर रिकामे बाइट मिळतात. एकदा उचललेलं पुन्हा मिळत नाही, म्हणून हाती आलेले बाइट हरवू देऊ नका. दोन, सेटिंग्जची पावती तुम्ही लिहिली नव्हती. ती लायब्ररीने आपण होऊन तयार करून बफरमध्ये ठेवली. म्हणजे फक्त वाचल्यानेसुद्धा पाठवण्याजोगं काहीतरी तयार होतं. पुढच्या निम्म्या अडचणींचं मूळ या वाक्यात आहे.

पायरी २: टीएलएस आणि एएलपीएन

खऱ्या सर्व्हरशी बोलताना टीएलएस या कूटबद्ध जोडणीतच दोन्ही बाजू ठरवतात की पुढे कोणता प्रोटोकॉल चालणार. या ठरवण्याला एएलपीएन म्हणतात. पायथॉनच्या एसएसएल कॉन्टेक्स्टमध्ये सेट-एएलपीएन-प्रोटोकॉल्सला दोन नावं द्या, आधी एचटीटीपी/२ चं (इंग्रजी एच आणि दोनचा आकडा, इतकंच), मग एचटीटीपी/१.१ चं. हँडशेक झाल्यावर सिलेक्टेड-एएलपीएन-प्रोटोकॉल काय म्हणतं ते तपासा. पहिलं नाव नसेल तर तिथेच थांबा किंवा जुन्या क्लायंटकडे वळा.

ही तपासणी वगळली की काय होतं? सर्व्हरला एचटीटीपी/२ येत नसेल तर तो साध्या मजकुरात '४०० बॅड रिक्वेस्ट' म्हणतो, एच-टू त्या मजकुराला फ्रेम समजून वाचू लागते आणि प्रोटोकॉल एरर फेकते. तुम्ही मात्र आपल्या कोडमध्ये चूक शोधत बसता.

पायरी ३: वाचणारा एकच

जोडणी झाली की इनिशिएट-कनेक्शन बोलवा आणि लगेच डेटा-टू-सेंड सॉकेटवर लिहा. यात २४ बाइटची ठरलेली प्रस्तावना आणि तुमच्या सेटिंग्ज असतात. मग हे चक्र सुरू करा:

    कनेक्शन जिवंत आहे तोवर:
        सॉकेटवरून बाइट वाच
        रिकामे आले तर: उरलेल्या सगळ्या स्ट्रीमना चूक कळव आणि थांब
        इव्हेंट = रिसीव्ह-डेटा(बाइट)
        प्रत्येक इव्हेंट त्या-त्या स्ट्रीमच्या नोंदीकडे पोचव
        डेटा-टू-सेंड उचल, सॉकेटवर लिही

शेवटची ओळ विसरलात तर पिंगची उत्तरं जाणार नाहीत, सेटिंग्जची पावती जाणार नाही आणि काही वेळाने सर्व्हर कंटाळून कनेक्शन तोडेल.

वाचणारं टास्क एका कनेक्शनला एकच असू द्या. प्रत्येक विनंतीने स्वतः सॉकेट वाचायला गेलात तर एकीचा प्रतिसाद दुसरीच्या हाती पडणार. विनंत्यांनी आपापल्या नोंदीपाशी थांबायचं, वाटप वाचणाऱ्याने करायचं.

लिहिण्याच्या बाबतीत याहून कडक शिस्त हवी. हेडर एचपॅक पद्धतीने दाबून पाठवले जातात, आणि त्यासाठीचा कोश दोन्ही टोकांना सारख्याच क्रमाने भरत जातो. दोन थ्रेडनी डेटा-टू-सेंडचे आपापले तुकडे उचलले आणि सॉकेटवर उलट क्रमाने टाकले, तर समोरचा कोश बिघडतो. मग एक स्ट्रीम नाही, अख्खं कनेक्शन जातं. एच-टू थ्रेड-सुरक्षित नाही. एका कनेक्शनला एकच इव्हेंट लूप द्या. थ्रेड वापरायचेच असतील तर 'मेथड बोलावणं, बफर उचलणं, सॉकेटवर लिहिणं' हे तिन्ही एकाच कुलपाआड करा.

पायरी ४: विनंती पाठवा आणि नोंद ठेवा

नवा क्रमांक गेट-नेक्स्ट-अव्हेलेबल-स्ट्रीम-आयडीकडून घ्या, स्वतः मोजू नका. क्रमांक घेणं आणि सेंड-हेडर्स बोलावणं यांच्या मध्ये अवेट नको. दिलेला क्रमांक प्रत्यक्ष वापरला जाईपर्यंत पुढचा मागणाराही तोच घेऊन जाईल.

हेडरमध्ये आधी विसर्गासारखा कोलन लावलेले चार: मेथड, स्कीम, ऑथॉरिटी, पाथ. मग बाकीचे. होस्टची जागा ऑथॉरिटीने घेतली आहे. नावं लहान लिपीत. कनेक्शन, कीप-अलाइव्ह, ट्रान्सफर-एन्कोडिंग या जुन्या हेडरना इथे मज्जाव आहे. जुन्या कोडमधून हेडर उचलून चिकटवले की हमखास इथे पाय अडकतो.

आणि एंड-स्ट्रीम. गेट विनंतीला पाठवायचा मजकूर नसतो, म्हणून सेंड-हेडर्समध्येच एंड-स्ट्रीम खरं द्या. ते राहिलं तर सर्व्हर विनंतीचा उरलेला भाग येईल म्हणून वाट बघणार, तुम्ही प्रतिसादाची वाट बघणार, आणि दोघंही 'आधी आप' करत बसणार.

प्रत्येक स्ट्रीमसाठी क्रमांकावर बेतलेल्या डिक्शनरीत एक नोंद ठेवा. तिच्यात प्रतिसादाचे हेडर, आलेला मजकूर, अजून पोच न दिलेल्या बाइटचा आकडा (पोच म्हणजे काय ते पायरी ५ मध्ये), आणि काम संपलं हे कळवणारं एक फ्यूचर. रिस्पॉन्स-रिसीव्ह्ड आला की हेडर भरा, डेटा-रिसीव्ह्ड आला की मजकूर जोडा, स्ट्रीम-एंडेड आला की फ्यूचर पूर्ण करा, स्ट्रीम-रीसेट आला की फ्यूचरला चूक द्या. काम झालं की नोंद काढून टाका. काढलेल्या क्रमांकाचा उशिरा इव्हेंट आलाच तर मुकाट्याने सोडून द्या. त्यावरून की-एरर येऊन वाचणारं टास्क मेलं तर बाकीच्या पन्नास स्ट्रीमही त्याच्याबरोबर जातील.

हेडर बाइटमध्ये येणार की मजकुरात, हे कॉन्फिगरेशनमधल्या हेडर-एन्कोडिंगवर ठरतं. ते यूटीएफ-८ देऊन ठेवा, तुलना करताना डोकेदुखी वाचते.

पायरी ५: विंडोचा हिशेब

आता ते ६५,५३५.

एचटीटीपी/२ मध्ये घेणारा देणाऱ्याला उधारीची मर्यादा घालून देतो. तिला विंडो म्हणतात. सुरुवातीला ती ६५,५३५ बाइट असते, आणि ती एक नसून दोन असतात: प्रत्येक स्ट्रीमची वेगळी, आणि सगळ्या कनेक्शनची मिळून एक. मजकुराचा प्रत्येक बाइट दोन्हींतून वजा होतो. हेडरना ही मर्यादा लागू नाही. तुम्ही 'इतका माल वापरला' असं कळवलंत की समोरच्याला विंडो-अपडेट जाते आणि मर्यादा पुन्हा वाढते.

वापरला म्हणजे काय हे लायब्ररीला कळू शकत नाही. तुम्ही तो डिस्कवर लिहिला, की नुसता मेमरीत साठवून ठेवलात? म्हणून हे तिने तुमच्यावर सोडलं आहे. डेटा-रिसीव्ह्ड इव्हेंट हाताळून झाला की अक्नॉलेज-रिसीव्ह्ड-डेटा बोलवा आणि त्याला इव्हेंटमधला फ्लो-कंट्रोल्ड-लेंग्थ आणि स्ट्रीमचा क्रमांक द्या. माझ्या पीडीएफच्या कोडमध्ये ही एक ओळ नव्हती.

डेटाची लांबी मोजून ती देऊ नका. फ्रेममध्ये भरावाचे बाइट असू शकतात, ते मजकुरात दिसत नाहीत पण विंडोतून वजा होतात. लांबी मोजून दिलीत तर दर फ्रेममागे थोडी थोडी गळती. असा बग चाचणीत सापडत नाही, तीन आठवड्यांनी रात्री दोन वाजता सापडतो.

पोच दिल्यावर लायब्ररी दर वेळी विंडो-अपडेट तयार करेलच असं नाही. बरीचशी विंडो वापरली गेली की ती एकदम वाढवते. त्यामुळे पोच दिली आणि बफर रिकामाच निघाला तर घाबरू नका. पण उचलायला मात्र दर वेळी जा.

कनेक्शनची विंडो जास्त छळते. समजा प्रत्येकी १०,२४० बाइटचे प्रतिसाद येत आहेत आणि तुम्ही पोच देत नाही. एकाही स्ट्रीमची स्वतःची विंडो भरत नाही. सहा प्रतिसाद व्यवस्थित येतात, ६१,४४० बाइट खर्ची पडतात, आणि सातवा ४,०९५ बाइटवर अडतो. दोष सातव्या विनंतीचा वाटतो, तिचा काही संबंध नसतो. माझ्या टेस्ट याच कारणाने हिरव्या राहिल्या होत्या: प्रत्येक टेस्ट नवं कनेक्शन उघडत होती.

याचीच चुलत बहीण म्हणजे रद्द केलेली स्ट्रीम. ४०,००० बाइट घेतले, पोच दिली नाही, आणि वापरकर्त्याने विनंती रद्द केली. स्ट्रीम मेली, तिची विंडोही गेली, पण कनेक्शनच्या खात्यावर ते ४०,००० अजून उधारच. अशा दोन रद्द विनंत्या झाल्या की कनेक्शन ठप्प. म्हणून नोंदीत पोच न दिलेल्या बाइटचा आकडा ठेवायला सांगितलं. रद्द करताना तेवढ्याची पोच द्या. स्ट्रीम बंद झालेली असली तरी एच-टू कनेक्शनचा हिशेब जुळवते.

विंडो मोठी करावी का? बहुधा हो. मुंबईतून अमेरिकेतल्या सर्व्हरशी बोलताना फेरीला २०० मिलिसेकंद लागत असतील, तर ६५,५३५ बाइटच्या विंडोत सेकंदाला जास्तीत जास्त सव्वातीन लाख बाइट येतील, म्हणजे साधारण २.६ मेगाबिट, मग घरात फायबर असो वा नसो. वाढवताना लक्षात ठेवा की सेटिंग्जमधली इनिशियल-विंडो-साइज फक्त स्ट्रीमच्या विंडो वाढवते. कनेक्शनची वाढवायला इन्क्रिमेंट-फ्लो-कंट्रोल-विंडो क्रमांक न देता बोलवावं लागतं. एचटीटीपीएक्सच्या खालचं एचटीटीपीकोअर सुरुवातीलाच कनेक्शनच्या विंडोत १,६७,७७,२१६ बाइटची भर घालतं. पण मोठी विंडो म्हणजे तितका माल आपल्या मेमरीत येऊन पडण्याची मुभा, हे विसरून चालत नाही. चाळीस कनेक्शनं उघडणाऱ्या प्रोग्रामात हा गुणाकार आधी करून बघा.

पायरी ६: आपण पाठवताना

फाइल चढवताना विंडो समोरच्याच्या हातात असते. लोकल-फ्लो-कंट्रोल-विंडोला स्ट्रीमचा क्रमांक दिला की स्ट्रीम आणि कनेक्शन यांच्यातली लहान विंडो मिळते. ती आणि मॅक्स-आउटबाउंड-फ्रेम-साइज (सुरुवातीला १६,३८४) यांतला लहान आकडा म्हणजे तुमचा पुढचा तुकडा. सेंड-डेटा, बफर उचला, लिहा, पुन्हा विचारा. शून्य आलं की थांबा. मर्यादा न विचारता दामटलंत तर अपवाद ठरलेला.

थांबल्यावर जागं कोण करणार? विंडो-अपडेटेड इव्हेंट, हे उघड आहे. त्यात क्रमांक शून्य असेल तर तो कनेक्शनचा, म्हणजे थांबलेल्या सगळ्या स्ट्रीमना उठवायचं. सहज विसरतो तो दुसरा मार्ग: सर्व्हरने मध्येच सेटिंग्ज बदलून इनिशियल-विंडो-साइज वाढवली, तर विंडो-अपडेट न येताही जागा होते. म्हणून रिमोट-सेटिंग्ज-चेंज्ड आल्यावरही सगळ्यांना उठवा. आणि स्ट्रीम-रीसेट आल्यावरही, नाहीतर मेलेल्या स्ट्रीमपाशी एक टास्क कायमचं ताटकळत राहील.

फाइल अर्धीच गेलेली असताना सर्व्हर पूर्ण प्रतिसाद देऊन मोकळा होऊ शकतो. '४१३, फाइल फार मोठी' म्हणतो आणि मग शून्य चूक-क्रमांकाने स्ट्रीम रीसेट करतो. हा बिघाड समजू नका. प्रतिसाद हाती आहे, तो वापरकर्त्याला द्या आणि उरलेली फाइल पाठवणं सोडा.

पायरी ७: एका वेळी किती?

सर्व्हर सहसा सेटिंग्जमधून सांगतो की एकाच वेळी किती स्ट्रीम उघड्या चालतील. मानक म्हणतं की हा आकडा १०० च्या खाली नसावा. एनजिनएक्स या वेब सर्व्हरचा ठरावीक आकडा १२८ आहे. एच-टूमध्ये तो रिमोट-सेटिंग्जमध्ये मिळतो, आणि सध्या किती उघड्या आहेत ते ओपन-आउटबाउंड-स्ट्रीम्स सांगतं. तुलना करा, जागा नसेल तर विनंती रांगेत ठेवा. मर्यादा ओलांडलीत तर टू-मेनी-स्ट्रीम्स अपवाद येतो.

सर्व्हरच्या सेटिंग्ज येण्याआधी मर्यादा नसल्यासारखीच असते. त्या क्षणी पाचशे विनंत्या सोडल्यात तर लायब्ररी अडवणार नाही, सर्व्हर जास्तीच्या नाकारेल. मी पहिल्या सेटिंग्ज येईपर्यंत १०० धरून चालतो. सर्व्हरने 'रिफ्यूज्ड स्ट्रीम', म्हणजे चूक क्रमांक ७ देऊन परत पाठवलेली विनंती निर्धास्तपणे पुन्हा पाठवता येते, पोस्ट असली तरी. तिच्यावर काहीही काम झालेलं नाही याची ती ग्वाही असते.

एका सर्व्हरला बहुधा एक कनेक्शन पुरतं. टीसीपीचं एक पाकीट हरवलं तर त्यावरच्या सगळ्या स्ट्रीम खोळंबतात हे खरं, आणि एचटीटीपी/३ ने टीसीपीऐवजी क्विक या वाहतूक प्रोटोकॉलचा आधार घेतला त्याचं हे एक मोठं कारण आहे. पण म्हणून उगाच आठ कनेक्शनं उघडू नका.

पायरी ८: रद्द करणं

वेळमर्यादा उलटली की रीसेट-स्ट्रीमला क्रमांक आणि चूक क्रमांक ८ ('कॅन्सल') द्या, अडलेल्या बाइटची पोच द्या, बफर उचला, नोंद काढा. नुसतं टास्क रद्द करून सोडून दिलंत तर सर्व्हरला काही कळत नाही, तो मजकूर ओततच राहतो आणि तुमची एक जागा अडून राहते.

सर्व्हर लिहीत असाल तर इथे जरा थांबा. रीसेट झालेली स्ट्रीम उघड्या स्ट्रीमच्या मोजणीतून त्याच क्षणी बाहेर पडते, पण सर्व्हरने तिच्यासाठी सुरू केलेलं काम लगेच थांबतंच असं नाही. हल्लेखोरांनी नेमकं हेच हेरलं: स्ट्रीम उघडायची, लगेच रीसेट करायची, पुन्हा उघडायची, मर्यादा कधी लागतच नाही. ऑगस्ट २०२३ पासून हे हल्ले झाले, १० ऑक्टोबर २०२३ ला ते 'रॅपिड रीसेट' या नावाने जाहीर झाले, सुरक्षा-त्रुटींच्या यादीतला क्रमांक सीव्हीई-२०२३-४४४८७. गूगलने सेकंदाला ३९ कोटी ८० लाख विनंत्यांपर्यंतचा मारा नोंदवला, क्लाउडफ्लेअरने २० कोटी १० लाखांचा. तेव्हा एका कनेक्शनवर किती स्ट्रीम किती वेगाने रीसेट होत आहेत ते मोजा, आणि प्रमाण हाताबाहेर गेलं की कनेक्शनच बंद करा. त्यासाठी चूक क्रमांक ११ आहे, नाव 'एनहान्स युअर काम'. थट्टा नाही, मानकात खरोखर हेच लिहिलंय: जरा शांत व्हा.

पायरी ९: गो-अवे आणि निरोप

एनजिनएक्सच्या ठरावीक मांडणीत एका कनेक्शनवर १,००० विनंत्या झाल्या की सर्व्हर गो-अवे पाठवतो, म्हणजे 'या कनेक्शनवर आता नव्या विनंत्या नकोत' असं सांगणारी फ्रेम. नवी आवृत्ती चढवताना सर्व्हर बंद होतानाही ती येते. म्हणजे हा अपघात नाही, रोजचा व्यवहार आहे, आणि तुमच्या क्लायंटला तो पहिल्या दिवसापासून यायला हवा.

एच-टूमध्ये ती कनेक्शन-टर्मिनेटेड इव्हेंट म्हणून दिसते. तिच्यात सर्व्हरने हाती घेतलेल्या शेवटच्या स्ट्रीमचा क्रमांक असतो. त्याहून मोठ्या क्रमांकाच्या विनंत्यांना सर्व्हरने हात लावलेला नाही, त्या नव्या कनेक्शनवर पुन्हा पाठवा. त्या किंवा त्याहून लहान क्रमांकांचे प्रतिसाद मानकाप्रमाणे अजून येऊ शकतात. पण एच-टूचं अवस्थायंत्र गो-अवे येताच कनेक्शन बंद धरतं, त्यामुळे नंतर आलेल्या फ्रेमवर प्रोटोकॉल एरर उडू शकते. ती पकडा, आणि अपुऱ्या राहिलेल्यांपैकी गेटसारख्या निरुपद्रवी विनंत्याच परत पाठवा. पैसे वळते करणारी पोस्ट आंधळेपणाने दोनदा पाठवली तर काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

आपण निरोप घेताना उलटा क्रम. आधी नव्या विनंत्या घेणं थांबवा, उघड्या स्ट्रीम संपू द्या (वेळमर्यादा घालून), आणि अगदी शेवटी क्लोज-कनेक्शन. ते आधीच बोलावलंत तर लायब्ररी त्यानंतर काही पाठवू देत नाही. आणि हो, क्लोज-कनेक्शननंतरही बफर उचलून लिहायचा असतो, मग सॉकेट मिटायचं. रिसीव्ह-डेटाने अपवाद फेकला तरी तेच: लायब्ररीने गो-अवे तयार करून ठेवलेली असते, ती नेऊन द्या. सर्व्हरच्या लॉगमध्ये 'कनेक्शन अचानक तुटलं' याऐवजी खरं कारण दिसेल.

रिकामं पडलेलं कनेक्शन मधला लोड बॅलन्सर मुकाट तोडतो. एडब्ल्यूएसच्या नेटवर्क लोड बॅलन्सरची मुळातली मर्यादा ३५० सेकंद आहे. त्याआधी पिंग पाठवा (बरोबर ८ बाइट, कमी-जास्त नाही) आणि पोच ठरावीक वेळेत आली नाही तर कनेक्शन मेलं समजा. दर सेकंदाला मात्र पिंग मारू नका. जीआरपीसीचे (एचटीटीपी/२ वर चालणारी दूरस्थ कॉलची पद्धत) सर्व्हर अशा उतावळ्या क्लायंटला वर सांगितलेला क्रमांक ११ दाखवून हाकलतात.

अडलात तर

आधी कर्लला एचटीटीपी/२ चा पर्याय आणि व्ही देऊन तोच पत्ता मागवा. तिथे चालतंय आणि तुमच्याकडे नाही, तर दोष कुठे आहे ते कळलं. फ्रेम बघायच्या असतील तर एनजीएचटीटीपी२ प्रकल्पाचा एनजीएचटीटीपी हा क्लायंट प्रत्येक फ्रेम ओळीने छापतो. तेही पुरलं नाही तर टीएलएसच्या किल्ल्या फाइलीत उतरवून वायरशार्कमध्ये उघडा.

पायरी १ मधल्या दोन वस्तूंची जोडीही मोडून टाकू नका, तिला टेस्टमध्ये घाला. सर्व्हरकडून १,००,००० बाइटचा प्रतिसाद पाठवायला लावा आणि पोच देणारी ओळ काढून टाका. सर्व्हरच्या बाजूचं लोकल-फ्लो-कंट्रोल-विंडो शून्यावर येऊन थांबलेलं दिसेल. ओळ परत घाला, बफर उचला, सर्व्हरला द्या, आकडा पुन्हा वर चढेल. मग पाच स्ट्रीम मध्येच रद्द करा आणि नवी स्ट्रीम उघडून तोच आकडा पुन्हा विचारा.